गाठ न सोडता

आमच्या कचेरीतल्या रेकॉर्डवाल्या नानांचा कागदांच्या नाडीवर जेवढा विश्वास होता, तेवढा डॉक्टरांचा माणसांच्या नाडीवरही नसेल. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास मी तिथे नवा कारकून म्हणून लागलो. लाल फडक्यात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांना आम्ही रुमाल म्हणायचो, आणि त्यांनी नानांची खोली छतापर्यंत भरली होती. नाना कागदांवर फळी ठेवत, फळीवर बसून आपली भाकरी खात आणि मगच गाठ मारत, त्यामुळे दोन रुमालांचा ऐवज एकात मावे. त्यांच्याकडे तोंडी मागायची सोय नव्हती. चिठ्ठी हवी, तीही एका ओळीची: काय, कुठल्या गावचं, कोणत्या सालचं. एकदा साहेबांनी 'कृपया' घातलं, तर चिठ्ठी परत गेली. "फालतू शबुद काडा मनावं." रुमालावर डकवलेल्या चिठ्ठीवर मात्र त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. ते रुमाल थोपटत, कडेला अंगठा दाबत, हुंगत, आणि गाठ न सोडता आत काय आहे ते सांगत. "लिवनारा चुकंल, कागद चुकत न्हाई," म्हणत.

लिहिणारा मीच होतो, आणि चुकलोही.

एक दिवस खर्ड्याहून एक बाई आली. मुलगा पलटणीत निवडला गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरला जन्माचा दाखला दाखवला नाही, तर नाव जाणार होतं. मी 'खर्डा, जन्म' असा रुमाल सोडला, तर आत पीकपाहणी! दिवाळीआधी साफसफाईत चिठ्ठ्या मीच नव्याने डकवल्या होत्या.

"गेली का वं भाऊ पोराची नोकरी?" बाई रडू लागली.

"थांब आक्का," नाना उठले. "पीकपाहनीचा कागद दुमडल्याला, रुमाल मदी फुगतो. जन्माचा सपाट बसतो."

चाळीसेक रुमाल थोपटून ते एकापाशी थांबले. वर दुसऱ्याच गावची पीकपाहणी लिहिलेली, आत त्या पोराचं नाव. बाईला शेवटची एसटी मिळाली. चूक कोणाची, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, "जुनी चिठ्ठी. कुनाची, काय ठावं?" चिठ्ठीवरची शाई अजून ताजी, निळीशार होती आणि अक्षर माझं होतं.

बऱ्याच वर्षांनी, मी स्वतः साहेब झाल्यावर, त्यांच्या घरी गेलो. त्यांची नजर पार गेली होती. साहेब आलेत, असं सुनेने सांगितलं. नानांनी माझा खांदा थोपटला, अंगठ्याने दाबला आणि हसले. "वर सायेब लिवलंय व्हय? आत आपला कारकूनच हाय."

मला राहवलं नाही. "नाना, ती चिठ्ठी माझी होती."

"ठावं हाय," ते म्हणाले. "गाठ कशाला सोडायची?"