विशाखाच्या व्हिसावर रमण

रमण परुळेकर ओमानमध्ये दुक्मच्या बंदरात क्रेन चालवायचा. मूळचा वेंगुर्ल्याकडचा. बायको विशाखा आणि मुलगी रेवा मस्कतजवळ माबेलात भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि हा पाच-सहा तासांच्या रस्त्यावर, कंपनीच्या कॅम्पात. महिन्यातून एकदा घरी यायचा, भरपूर झोपायचा, मासे आणायचा, की परत निघायचा. संसार असाच चालला होता आणि कुणाची फारशी तक्रारही नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात क्रेनच्या केबिनमध्येच त्याच्या छातीत कळ आली. मस्कतला आणून स्टेंट घातला. सगळा खर्च कंपनीच्या इन्शुरन्समधून झाला. माणूस बरा झाला, पण डॉक्टरांनी क्रेनसाठी फिटनेस द्यायला नकार दिला. हवेत लोखंड लटकत असताना ऑपरेटरला काही झालं तर खालची माणसं मरायची, हे रमणलाही कळत होतं. कंपनीनं निम्म्याहून कमी पगारात गेटवरचं काम देऊ केलं. म्हणजे पुन्हा तोच कॅम्प, तेच मेसचं जेवण, आणि हृदयाचा डॉक्टर तासन्‌तास लांब.

"नको ते," विशाखा म्हणाली. "घरी या तुम्ही. माझा पगार आहे, भागवू."

ती सीबच्या एका इंडियन स्कूलमध्ये केजीच्या मुलांना शिकवायची. पगार बेताचाच होता. रमण पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, रिटायर होऊन घरी बसला.

काम सुटल्याचं वाईट वाटलंच, पण खरी भीती वेगळी होती. कंपनीचा व्हिसा रद्द झाला की इन्शुरन्सही संपणार. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तर एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं बजावलेलं. त्यानं कुडाळच्या ओळखीच्या इन्शुरन्स एजंटला फोन लावला. एजंट चाचरत म्हणाला, "भाऊ, स्टेंट म्हटल्यावर कंपन्या हात आखडता घेतात. दिली पॉलिसी, तरी हृदयाच्या आजारासाठी काही वर्षं थांबावं लागेल." रमणनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ बाल्कनीत उभा राहिला. आपल्या दुखण्यानं या दोघींचं सगळं विस्कटून टाकायचं का, एवढाच विचार डोक्यात.

सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, जहूरचं हार्डवेअरचं दुकान होतं. जहूर राजापूरचा, रमणचा जुना दोस्त. त्याच्यापुढं रमणनं मन मोकळं केलं.

"अरे, मग वहिनींच्या व्हिसावर ये ना," जहूर म्हणाला. "शाळेच्या इन्शुरन्समध्ये घरची माणसं घेत असतील. विचारून तर बघ."

"बायकोच्या व्हिसावर?"

"मग? तुझं काळीज काय विचारणार आहे, व्हिसा कोणाचा म्हणून?"

रमण हसला, पण घरी जाऊन विशाखाला सांगायला त्याला चार-पाच दिवस लागले. आजवर कागदावर तो तिचा स्पॉन्सर होता, ती त्याच्या व्हिसावर. शेवटी जेवताना, ताटाकडं बघतच त्यानं विषय काढला. विशाखानं आमटी वाढता वाढता सांगितलं, "मी मागच्या आठवड्यातच विचारून आलेय. शाळा माझा वेगळा व्हिसा काढून देईल. तुम्हाला राग येईल म्हणून बोलले नव्हते."

रेवा अकरावीत होती. तिनं मान वर केली. "म्हणजे बाबा, तुम्ही आता मम्माचे डिपेंडंट? लाइक, माझ्यासारखे?"

रमणलाच हसू फुटलं.

व्हिसाची, इन्शुरन्सची कामं करणारा शाळेचा माणूस अहमद, बुरैमीकडचा ओमानी, हिंदी छान बोलायचा. त्याच्याकडं पोचल्यावर, गाडी लावून रमण हळूच म्हणाला, "स्टेंटचा नाय सांगला तर?"

"आणि उद्या परत काही झालं? त्यांनी जुने रिपोर्ट काढले, तर तेव्हा आपण कुठं तोंड दाखवायचं?" विशाखानं गाडीचं दार उघडलं. "खरं सांगू. नाही म्हणाले तर पुढचं पुढं."

रमणनं खरं सांगितलं. अहमदनं तिथल्या तिथं इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला. अरबी बोलणं लांबत गेलं. रमणला त्यातला 'गल्ब' एवढाच शब्द कळला, म्हणजे हृदय.

"भाई, ये ग्रुप पॉलिसी है," अहमद फोन ठेवून म्हणाला. "पुरानी बीमारी भी चलेगी. रिपोर्ट दे दो. इन्शाल्ला, हो जाएगा."

'इन्शाल्ला'चा भरवसा किती धरायचा, हे इतकी वर्षं आखातात काढलेल्या माणसाला ठाऊक असतं. जुना इन्शुरन्स संपला होता, नवा यायचा होता. त्या दिवसांत रमण काचेच्या भांड्यासारखा जपून वागला. जिना थांबत थांबत चढायचा, गॅसचा सिलिंडर ओढायचा नाही. एका दुपारी तरीही छाती जड झाली. विशाखा शाळेतच होती. तो काही न बोलता आडवा झाला. रेवानं चेहरा पाहिला आणि न विचारता जहूरकाकांना फोन केला. जहूर दुकान तसंच टाकून आला. क्लिनिकमध्ये ईसीजी काढला, नॉर्मल निघाला. साधं पित्त होतं.

"उगाच कशाला धावपळ केलीस? आता खिशातनंच भरूचा ना?" रमण रेवावर चिडला.

"पैसे नंतर, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही फर्स्ट."

त्यानं तिचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात व्हिसा लागला आणि विशाखा पर्समधून इन्शुरन्सचं कार्ड घेऊन आली. रमणनं ते उलटसुलट करून पाहिलं. तरी विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच हृदयाच्या डॉक्टरकडं गेला. काउंटरवरच्या मुलीनं नंबर घातला आणि म्हणाली, "अप्रूव्हलसाठी थांबा." तो बाकावर बसला. मध्ये दोघांची नावं पुकारली गेली. मग त्याचं.

"अप्रूव्ह झालंय, अंकल. आत जा."

डॉक्टरांनी तपासून समाधानानं मान हलवली. तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. बिलातला स्वतःला द्यावा लागला तो भाग अगदी किरकोळ. औषधांची पिशवी घेऊन तो गाडीत बसला आणि विशाखाला फोन केला.

"झाला गो सगळा," एवढंच त्याला बोलता आलं.

पलीकडं वर्गात पोरांचा गलका चालला होता. "बरं झालं बाई," विशाखा म्हणाली. "आता घरी जा, आणि जेवा नीट."

तो जेवला, आणि कित्येक महिन्यांनी असा गाढ झोपला की रेवा शाळेतून आली, टीव्ही लावला, तरी जाग आली नाही. तिनं दोनदा दारातून डोकावून त्याचा श्वास चाललाय ना, हे बघितलं. तो घोरत होता.