पाठीवर पोहणारी पोरगी

या वहीत चुका फार आहेत आणि अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे. मी चौथीपर्यंतच शिकले. कोणी उघडलीच तर माफ करा.

माझी पोरगी पाठीवर पोहते. राज्यात पहिली आली, ते माझ्या चुकीमुळे. विहिरीत पोहायला शिकवताना लेकरांच्या पाठीला रिकामा डबा बांधतात. मला ते माहीत नव्हतं, मी तिच्या पोटाला बांधला. ती उताणी झाली आणि आभाळाकडे पाहत हात मारू लागली. बायका हसल्या. पोरगी मात्र काठाला लागली.

पुढे शाळेच्या सरांनी तिला शर्यतीत उतरवलं. राज्याच्या शर्यतीला पुण्याला जायचं होतं. मालकांच्या, म्हणजे पोरीच्या बापाच्या, पेटीतले सहा हजार मी न विचारता काढून दिले.

ती मेडल घेऊन आली त्याच दिवशी पेटी उघडली गेली. मालकांनी ठिबकची नळी उचलली. पहिला फटका कानावर बसला. पडले तर पोटात लाथ.

"पोरीले उघडी नाचवतं? अन् माह्या पैशानं?"

पोरगी आडवी आली. तिच्याही पाठीवर चार ओढले. माझी करंगळी तेव्हा मोडली, अजून वाकडी आहे.

"बाबा, मी देईन तुमचे पैसे!"

"उलटी पोहून पैसे भेटतात काय वं? पुरे येत नाही तोवर तुही माय उंबऱ्याबाहेर जाणार नाही. पाहू, कोण पाह्यते तुही शर्यत."

तीन वर्षं मी तिची एकही शर्यत पाहिली नाही. ती बक्षिसाचे पाचशे, हजार आणून द्यायची. "इतकेच?" म्हणून त्या दिवशीही मार असायचा. मी तिच्या पाठीवरच्या वळांवर हळद लावायची.

"रडू नको आई. पाण्यात पाठ खालीच राह्यते, कोणाले दिसत नाही."

पण पाण्याबाहेर निघताना सरांना दिसलं. ते घरी आले, पोलिसांत जाऊ म्हणाले. मालकांनी त्यांची कॉलर धरून ओट्यावरून ढकललं. मी दाराआड होते.

यंदा ती देशात पहिली आली. राहिलेले अडीच हजार तिने मालकांपुढे टाकले.

"मोजा. परवा माही शर्यत हाय. आई येते."

त्यांनी हात उगारला. तिने तो वरच्या वर धरला आणि पिरगळला. ते गुडघ्यावर आले.

"मोजा म्हटलं ना."

त्यांनी खालीच बसून, दुसऱ्या हाताने मोजले. मी चपला घातल्या होत्या. एकही नोट कमी नव्हती.