दारातले मामा

मामा गेल्याचा निरोप अमरावतीला माझ्यापर्यंत पोचला तेव्हा त्यांची माती होऊनही गेली होती. पूर्णेला पूर होता. आमचं गाव नदीच्या दोन धारांच्या मधोमध. पावसाळा लागला की त्याचं बेट होतं, मग ना बातमी बाहेर येत, ना माणूस. शेवटचे भेटले ते उन्हाळ्यात, माझ्या खोलीवर. खुर्ची पुढं केली, तर नेहमीसारखे दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे. ‘‘बसा ना मामा.’’ ‘‘मी उभाच बरा हाव, बाप्पा.’’ चहाही तसाच प्याले.

मामी बाळंतपणात अडली ती अशाच पुरात. तिला खाटेवर घालून काठापर्यंत आणलं, पण पलीकडं न्यायला होडी नाही... पाणी उतरायची वाट पाहत ती काठावरच गेली. पुढं आम्ही बौद्ध झालो, ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि राखीव जागेसाठी मामा उभे राहिले. भाषण एकाच वाक्याचं: ‘‘मले निवडून द्या, मी गावाले डोंगा आनतो.’’ मतदान हात वर करून. आमच्या वस्तीचा उत्साह काय सांगू, एकेकानं दोन्ही हात वर केले असते! मामा मेंबर झाले.

पहिल्याच सभेत बाकीच्या मेंबरांना सतरंजी आणि मामांना दाराशी पोतं. मामा म्हणाले, ‘‘सतरंजीवर जागा असन तर बसतो, नाहीतर उभा रायतो.’’ आणि राहिले की खरंच, सभेमागून सभा, चौकटीला खांदा टेकून. सरपंचांना वाटलं असेल, थकेल आणि बसेल. कसचं काय! वस्तीतली पोरं छाती फुगवून सांगायची, आमचा मेंबर पोत्यावर बसत नाही.

मग एकदाचा डोंग्याचा ठराव मतास आला. एका डोंग्यात आमच्या वस्तीसोबत बसावं लागेल, ही काहींची धास्ती. सतरंजीवरचे हात समसमान झाले. मामांनी दारातून हात वर केला. सरपंच पान चघळत म्हणाले, ‘‘दारात उभ्याचा हात सभेत कसा धरू? मेंबर असशीन तर बस. तुही जागा तुले ठाऊकच आहे.’’ मी सुटीत घरी आलो होतो, बाहेर गर्दीत होतो. मामांनी एकदा नदीकडं पाहिलं... आणि पोत्यावर बसले. हात वर केला. ठराव पास झाला.

डोंगा आला. पण बांधला वरच्या घाटाला, आणि आमच्या वस्तीचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. तोवर दिवस मावळायचा, डोंगेवाला म्हणायचा, उद्या या. काही पावसाळ्यांत तळ कुजला. दुरुस्तीला पंचायतीला सवड मिळाली नाही. तीच पोरं आता मामांना ‘पोत्यावरचा मेंबर’ म्हणू लागली. डोंगाही गेला अन् इज्जतही गेली, असं वस्ती तोंडावर बोलली. पुढच्या निवडणुकीत मामांसाठी वस्तीतून हात उठले नाहीत. त्यांनी कुणाला समजावलं नाही. फक्त त्यानंतर कुणाच्या घरी कधी बसले नाहीत.

तापानं फणफणलेल्या मामांनाही खाटेवर घालून काठावर आणलं होतं म्हणे. डोंगा तिथंच पालथा पडलेला. मामी गेली त्याच काठावर मामा गेले.

पूर ओसरल्यावर पंचायतीनं शोकसभा ठेवली. सतरंजी जाऊन आता खुर्च्या आल्या आहेत. एका खुर्चीवर मामांचा फोटो, हार घातलेला. सरपंच तेच. फोटोपुढं हात जोडून म्हणाले, ‘‘मोठा मानूस! आमच्या मांडीले मांडी लावून बसत होता हो.’’ मी उठलो, फोटो उचलला आणि निघून आलो.

मामांचा हा एकच फोटो, अकोटच्या स्टुडिओत काढलेला. शेजारी नक्षीची खुर्ची आहे, रिकामी. मामा उभे आहेत. खोलीच्या दाराशी, ते टेकायचे त्या चौकटीजवळ मी तो लावला आहे. सकाळी चहा घेताना सवयीनं शब्द ओठांवर येतात, आणि मी ते गिळतो. कोणत्या तोंडानं म्हणू त्यांना, बसा म्हणून?