नलूकाकूचा मोर

धाकट्या जावेच्या बंगल्यावर गेली की नलूकाकू आधी घरात शिरत नसे. फाटकाशी उभी राहून ड्युरांटाच्या कुंपणावर हात फिरवी आणि एखादी वाकडी फांदी शोधी. सापडत नसे. कमरेएवढं, सोनेरी-हिरवं, भिंतीसारखं सपाट कुंपण आणि दाराशी त्याच झुडपाचे, कापून घडवलेले दोन हत्ती. "जळते मी," परतताना ऑटोत ती मला सांगे. "मनात नाही ठेवत. मनात ठेवलं की पित्त होतं."

मोठे काका, नलूकाकू आणि आम्ही काशीत दुर्गाघाटच्या गल्लीत एकाच घरात राहत होतो. माती म्हणावी तर छतावरच्या कुंड्यांत तेवढी. धाकट्या काकांनी शिवपूरला बंगला बांधला आणि सुधाकाकूला अंगण मिळालं. ते नलूकाकूच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

एका श्रावणात तिने त्या कुंपणाच्या फांद्या पदराखाली लपवून आणल्या आणि तेलाच्या डब्यांत खोचल्या. ड्युरांटा भराभर वाढणारं झाड, महिन्याभरात रुजलं. छतावर उड्या मारत आलेल्या बंदरांनी उपटलं, तिने पुन्हा लावलं. मग तारेचा सांगाडा वाकवून त्यावर मोर चढवायला घेतला. शिवणाची कात्री घेऊन उन्हात बसे, बाहेर आलेलं पान न् पान छाटे. "तिच्याकडे माळी आहे," ती म्हणे, "माझ्याकडे जळफळाट. त्याला छुट्टी नसते."

मोर भरला तेव्हा तिने सुधाकाकूला मुद्दाम जेवायला बोलावलं. गुडघे धरत सुधाकाकू छतावर आली, मोराभोवती फिरली आणि म्हणाली, "बरा झालाय हो, जाऊबाई. मान तेवढी आखूड वाटते."

नलूकाकू आठवडाभर खुशीत होती. "आखूड म्हणाली. म्हणजे जळली."

गेल्या थंडीत सुधाकाकू झोपेतच गेली. आम्ही घाटावरून परतलो तर नलूकाकू छतावर एकटीच बसली होती. "धाकटी ती," ती म्हणाली, "आणि काशीतलं मरणसुद्धा माझ्या आधी मिळवलंन." मग तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ रडली.

त्यानंतर तिने मोराला कात्री लावली नाही. होळीपर्यंत त्याच्या अंगातून चहूकडे फांद्या फुटल्या. मी छाटायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. वाढेल तसं वाढू दे त्याला."