आत्याचा सोमवारचा भाग

रेडिओवरची गोष्ट पटली नाही, तर आत्या ती सरळ बदलून टाकायची. घरांना दारं नसलेल्या आमच्या शिंगणापुरात तिला सगळे रेडिओआत्या म्हणत. रक्ताच्या नात्याने ती आमची कुणीच नव्हती. वडिलांना राखी बांधायची, म्हणून माझी आत्या. फौजेतल्या मुलाने तिला ट्रान्झिस्टर आणून दिला होता. त्याचे सेल उतरले की ती ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायची. बाहत्तरच्या दुष्काळात ऊन तेवढं मुबलक होतं.

त्या वर्षी निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. नुकतीच मॅट्रिक झालेली मीही त्यात होते. रविवारी सुट्टी असे, आणि सकाळी रेडिओवर एक मालिका लागे. एक शास्त्रज्ञ यंत्रात बसतो आणि मागच्या काळात जातो. मी ती आत्याकडे जाऊन ऐकायचे. बाकीच्या बायकांना कुठला रेडिओ! त्या सोमवारची वाट बघायच्या. दुपारी भाकरीची फडकी सुटली की आत्या कालचा भाग सांगायला बसायची, आपल्या दुरुस्त्यांसकट.

दुरुस्त्या तरी किती! "एवढ्या लांब गेला अन् भाकरतुकडा न खाता माघारी आला? तवाची मानसं अशी हुती व्हय?" म्हणून सोमवारचा शास्त्रज्ञ पिठलं-भाकरी खाऊन, वर ताक पिऊनच यंत्रात बसे. आत्याच्या मागच्या काळात पाऊसही दणकून पडायचा. तिने विहिरींचं वर्णन सुरू केलं की ओठ फुटलेल्या बायका नुसत्या ऐकत राहायच्या. मुकादमाच्या घरी रेडिओ होता. तो एकदा म्हणाला, "आत्या, काल तसं न्हवतं." आत्या शांतपणे म्हणाली, "मग तुमचे सेल बदला." त्यानंतर मुकादमही आत्याचाच भाग ऐकायला लागला.

या सगळ्यात माझी आई एकटीच पाठ फिरवून बसायची. माझा धाकटा भाऊ बाळू उन्हाळ्यात गेला होता. आईने त्याला कडब्याची पेंढी आणायला गंजीकडे धाडलं आणि तिथे त्याला पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आई रडली नाही. "म्या धाडलं त्याला," एवढं एकदा म्हणाली आणि मग तिने बोलणंच टाकलं. खडी मात्र अशी फोडायची की बघणाऱ्याला भीती वाटावी.

आणि मग त्या मालिकेत शास्त्रज्ञाची बहीण निघाली. लहानपणीच पुरात वाहून गेलेली. एका भागाच्या शेवटी तो तिला वाचवायला यंत्रात बसला. त्या सोमवारी आईने पहिल्यांदा आत्याकडे तोंड केलं. आत्याने ते पाहिलं, मीही पाहिलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी रेडिओला कान लावून बसलो. तो नदीकाठी पोचला. गळा फोडून ओरडला, पण गेलेल्या काळात त्याचा आवाज कुणाला ऐकू जाईना. पोरगी गेली. परत येऊन तो म्हणाला, मीच तिला नदीवर पाठवलं होतं, दोष माझाच आहे. संगीत सुरू व्हायच्या आतच आत्याने खटका बंद केला.

"नदीचा आवाज लई झ्याक काढला," ती म्हणाली. "अंगावर पानी उडल्यागत वाटलं. अन् तो वरडला तवा माझ्या बी घशाला कोरड पडली." मग एकदम भडकली. "पन असला शेवट? लिव्हनाऱ्याला आईबाप हायत का न्हाई?" थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "उद्या तुझी आई इचारंल गं. वाचली म्हनलं तर तिला वाटंल, आपला बी वाचला असता. हाय तसं सांगावं, तर तो दोष तिच्याच डोक्यावर बसतुया. काय सांगू?" तिचा असा पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

सोमवारी आईनेच विचारलं. "आत्याबाई, वाचली का पोरगी?"

आत्याने भाकरी खाली ठेवली. "न्हाई बया. पन तो नदीवर गेलाच न्हाई. त्याच्या आदी घरी गेला. अंगनात बघतुया तर त्यो सोताच हुबा, त्या येळचा. भनीची येनी घालतुया, हसतुया, अन् म्हनतुया, जा, घागर घिऊन ये. ह्याला लई राग आला. मारायला हात उचलला. पन तोंड बघितलं, तर त्या तोंडाला काय बी ठावं न्हवतं. मायेनंच धाडत हुता. मग त्यानं उचलल्याला हात त्याच्या डोक्यावरनं फिरवला, अन् माघारी आला."

आईच्या हातातली भाकरी गळून पडली आणि ती मोठ्याने रडली. बाळू गेल्यापासून पहिल्यांदा. आत्याने तिला पोटाशी धरलं. मग तिनेच घास भरवला आणि आईने तो खाल्ला. माझी आई मला त्या दुपारी परत मिळाली, हे मी आजही मानते.

पाऊस झाला, कामं बंद पडली. मुलगा फौजेतून सुटून कोपरगावला साखर कारखान्यात लागला आणि आत्या त्याच्याकडे गेली. निघताना ती आणि आई कितीतरी वेळ हात धरून बसल्या होत्या.

काही वर्षांनी आत्या गेल्याचा निरोप आला. मी माहेरी होते. आई ज्वारी निवडत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, त्या गोष्टीचा शेवट आत्याने बदलला होता. रेडिओवर तसं नव्हतं."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "त्या रइवारी तुला बोलवाया तिच्या घरी आले हुते. आपल्या गावात घराला दारं कुठं हायत? समदं ऐकलं अन् तशीच माघारी फिरले."

"मग तू विचारलंस कशाला?"

"तिच्या तोंडून ऐकायचं हुतं." आईचा हात सुपात थांबला. "माझ्यापायी रातभर जागली असंल गं ती, एवढं जुळवत. मग मी कशाला सांगू, ऐकलंय म्हनून?"

सूप बाजूला ठेवून ती उठली, आणि सख्खी नणंद गेल्यावर करावी तशी तिने डोक्यावरून आंघोळ केली.