भूकंपयंत्रावरचे काका

यंत्रवाले काका कधी स्लॅबखाली बसले नाहीत. उदगीरला आमच्या गल्लीत ते पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत. आमच्याकडे आले की पायरीवर बसत, चहा तिथेच घेत. लग्नाची पंगत हॉलमध्ये असली तर ताट घेऊन बाहेर लिंबाखाली जात. कुणी आग्रह करत नसे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांच्या गावाकडच्या, मातीच्या धाब्याच्या घराखाली आई आणि धाकटी बहीण गेल्या होत्या. ते शेतात झोपले होते म्हणून वाचले. एवढं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

पुढे नोकरी धरली तीही गावाबाहेरच्या भूकंप नोंदणाऱ्या यंत्रावर. काम साधंच. यंत्र पुसायचं, कागद बदलायचा, नोंद वर कळवायची. पण खेड्यांत जमिनीखाली गुडगुडलं की लोक वरच्या साहेबाला सोडून काकांना फोन करत. केवढा होता, ते काका कागद बघून सांगत. मोठा येईल का, असं विचारलं की म्हणत, "ते मला माहीत न्हाई. कुणालाच न्हाई." लोकांना हे आवडत नसे, तरी पुढच्या वेळी फोन त्यांनाच येई.

मी सातवीत असताना पुस्तकात पृथ्वीच्या आतले थर आले. मी काकांना विचारलं, "आत कुणी गेलंच नाही, मग हे चित्र काढलं कसं?" ते मला बाजारात कलिंगडाच्या ढिगापाशी घेऊन गेले. एकेका फळाला टिचकी मारून ऐकायला लावलं.

"कापायच्या आधी कळतंय न्हवं? तसंच हाय. भूकंप म्हंजे टिचकी. तिची लाट पृथ्वीच्या पोटातून जाते. कुठं जोरात पळते, कुठं वळते. एका जातीची लाट तर पातळ, पाण्यासारख्या थरात शिरतच न्हाई. जगातल्या यंत्रांवर ते उमटतं. त्यावरून कळलं, वर बारीकसं कवच, खाली जाडजूड प्रावरण, मग वितळलेलं लोखंड, आन मधोमध घट्ट गोळा."

कलिंगड खाली ठेवत ते म्हणाले, "आमच्या गावची टिचकी बी लई लांब ऐकू गेली असंल."

आज मी भूगोल शिकवते. तो धडा आला की वर्गात कलिंगड नेते, पण ते शेवटचं वाक्य मुलांना सांगत नाही.

माझ्या ताईचं सिझेरियन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जळकोटकडच्या गावांत जमिनीखालून आवाज झाले. दुपारपर्यंत मोबाइलवर निरोप फिरला, संध्याकाळी पाचला मोठा भूकंप येणार. दवाखान्यातून पेशंट निघू लागले. ताईच्या सासूबाईंनी जीप बोलावली. टाके ओले, बाळ एका दिवसाचं, बाहेर मे महिन्याचं ऊन. डॉक्टर नको म्हणत होते, पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. मी काकांना फोन केला.

ते स्कूटरवर आले. दवाखान्याच्या पायरीशी जरा थांबले. मग चपला काढून आत आले आणि ताईच्या खाटेजवळ स्टुलावर बसले. दोन मजली इमारत होती ती.

"भूकंप येणारच न्हाई असं मी म्हणत न्हाई," ते सासूबाईंना म्हणाले. "पण पाचला येतो हे कुणाला कळतंय? तसलं यंत्र जगात न्हाई. सकाळचे धक्के बारके होते, जमिनीत फार खोल न्हवते, म्हणून आवाज आला. पोरीचे टाके उसवले तर काय होईल, ते मात्र डॉक्टर आत्ता सांगतील."

"मग तुम्ही बसता का इथं पाचपर्यंत?" सासूबाईंनी विचारलं.

"बसलोच हाय की."

सासूबाईंनी जीप परत पाठवली. ते पाहून शेजारच्या खाटेवरची बाईही थांबली. पाच वाजले, साडेपाच झाले. काही झालं नाही. सहाला काका उठले, बाहेरच्या नळावर तोंड धुतलं आणि स्कूटर काढून गेले.

पुढे आपोआप नोंद पाठवणारं यंत्र आलं. काका निवृत्त होऊन नांदेडला मुलीकडे गेले. मागच्या थंडीत ते आजारी असल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले. काका अंगणात खाट टाकून पडले होते. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी त्या दिवशी विचारलं, "काका, दवाखान्यात भीती वाटली नव्हती?"

"लई वाटली," ते म्हणाले. "दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. चारदा उठावं वाटलं. पण तुझी बहीण माझ्याकडंच बघून राहिली होती. मग कसं उठू?"

महिनाभरात काका गेले.