खोबरेलाची बाजू

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अल रीम आयलंडवरच्या माझ्या घरी पोह्यांना फोडणी देत होते. शुभदावहिनी एवढंच म्हणाली, "मेधा, ये." अबू धाबीहून शारजापर्यंत गाडी चालवताना मला रडू आलं नाही, नुसता राग आला. दादाचा, त्याच्या गोळ्यांचा, त्याच्या हट्टाचा. आता दीड महिना होत आला, राग तिथेच आहे. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणे... मला नाही जमणार.

दादा शारजाजवळ हमरियातल्या एका रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायचा. रंग दिलेले पत्रे गच्चीवर उन्हात मांडायचे, प्रत्येकाचा अर्धा भाग झाकून ठेवायचा. काही महिन्यांनी झाकण काढलं की उन्हानं रंग किती खाल्ला ते कळतं. "झाकलेला भाग नसेल तर उघड्या भागाबद्दल बोलायचा तुला हक्क नाही," हे तो आम्हालाही ऐकवायचा. कारखान्यात ठीक होतं हो, पण हा माणूस घरीही तेच करायचा. लेकीचा, इराचा, ताप उतरला आणि वहिनी म्हणाली की काढ्यानं उतरला, की हा लगेच, "काढा न देता उतरला नसता कशावरून?" अगदी डोक्यात जायचा.

गुडघ्यांच्या बाबतीत तर त्यानं कहर केला. वहिनीचे गुडघे दुखतात म्हणून आई साताऱ्याहून निर्गुडी आणि लसूण घालून स्वतः उकळलेलं तेल पाठवायची. दादानं दोन सारख्या तपकिरी बाटल्या आणल्या. एकीत आईचं तेल, दुसरीत साधं खोबरेल, आणि वासावरून कळू नये म्हणून दोन्हींत भरपूर कापूर. एकीवर लाल ठिपका, तो डाव्या गुडघ्याला. दुसरीवर निळा, तो उजव्याला. कोणत्या ठिपक्याला काय, ते फक्त त्याला ठाऊक. वहिनी बिचारी रोज इमानानं चोळत बसायची.

निकाल त्यानं जाहीर केला तो गणपतीच्या जेवणाला, घरात पाहुणे असताना, आई व्हिडिओ कॉलवर असताना. "दोन्ही गुडघे सारखेच दुखतात. आई, तुझं तेल आणि खोबरेल, फरक शून्य!" लोक हसले. आईचा चेहरा पडला. "बरं हो," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. पुन्हा कधी तेल पाठवलं नाही.

"बाबा, दॅट वॉज सो मीन," इरा म्हणाली.

"मीन काय त्यात? निकाल आहे."

"अरे, आईला असं चारचौघांत..." मी म्हटलं, तर तो खरंच गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "मग काय खोटं सांगू?"

मग त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी एका ट्रायलबद्दल सांगितलं. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच, वर अर्ध्यांना नवी गोळी आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार, डॉक्टरांनाही कळणार नाही. दादानं ऐकता ऐकता सही केली. त्या दिवसांत एवढा खूश मी त्याला पाहिला नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या आणि तो ओकायला लागला. आणि वहिनी, सांगतानाही कसंतरी होतं, वहिनी आनंदली. भांडं धरून उभी, तोंडावर हसू. "मेधा, खरं औषध मिळालंय बघ! साध्या गोळीनं एवढं झालं असतं का?"

दादा तोंड पुसत म्हणाला, "शुभदा, हा आजारही ओकवतो. एका माणसावरून काही ठरवता येत नाही."

"मला एकच माणूस आहे रे!"

दादा हळूच म्हणाला, "कुणीतरी खोबरेलाच्या बाजूला लागतंच ना."

"लागतं ना? मग दुसरं कुणीतरी!"

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी वहिनीकडेच होते. वहिनीनं फोन स्पीकरवर टाकला. ट्रायल मुदतीआधीच थांबवली होती. औषध स्पष्ट लागू पडत होतं, आता ते सगळ्यांना देणार होते.

"आणि आमचा?" वहिनीनं विचारलं.

त्या म्हणाल्या की नंदकुमार साध्या गोळीच्या गटात होते. त्यांच्यासारखी माणसं होती म्हणूनच हे कळू शकलं.

वहिनीनं थँक्यू म्हणून फोन ठेवला. "खोबरेल," ती म्हणाली आणि हसायला लागली. असं हसली की इरा खोलीतून धावत बाहेर आली.

"तो असता ना मेधा, तर खूश झाला असता." खरंच झाला असता, मेला! त्या गोळीनं उद्या कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी भाऊ दिवाळी बघेल. बघू देत बापडे. माझ्या तोंडून त्यांच्यासाठी अजून चांगला शब्द निघत नाही.

संध्याकाळी वहिनी बाल्कनीत त्या दोन बाटल्या घेऊन बसली. तळाशी थोडं थोडं तेल उरलंय. लाल ठिपका डाव्या गुडघ्याला, निळा उजव्याला. आईचं कोणतं, मी विचारलं. "त्यालाच माहीत होतं."

"मग टाकून दे ना दोन्ही. मी आईला ताजं पाठवायला सांगते."

वहिनीनं निळ्या ठिपक्याचं झाकण घट्ट लावलं.

"नको गं. मध्येच बदललं तर चिडेल तो."